कोपरभर खोल पेरणी : होपींच्या गावांत पाच दिवस

दिवस पहिला : फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ

माझे वडील आप्पा सप्टेंबरच्या सुरुवातीला मंगळवेढ्याहून आमच्याकडे फिनिक्सला राहायला आले आणि पंधरा दिवसांतच मॉल, मंदिर आणि शेजारपाजार पाहून त्यांचे समाधान झाले. त्यानंतर ते रोज एकच विचारू लागले, की या वाळवंटात शेती कोण करते आणि कशी करते. कालव्याच्या पाण्यावरचा कापूस मी त्यांना दाखवला होता, पण ते त्यांना पुरेसे उत्तर वाटले नाही. ॲरिझोनाच्या ईशान्येला होपी हे मूळनिवासी लोक शेकडो वर्षांपासून कालव्याशिवाय, नुसत्या जमिनीतल्या ओलीवर मका पिकवतात हे मी त्यांना सांगितले, तेव्हा आयुष्यभर ओलीवर मालदांडी ज्वारी घेतलेला तो माणूस त्याच संध्याकाळी पिशवी भरून बसला. महिनाअखेरीचे पाच दिवस ठरले.

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफपर्यंतचा सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता निवडुंगांतून चढत चढत पाइनच्या जंगलात शिरतो आणि शहराच्या मागे सॅन फ्रान्सिस्को पीक्स ही शिखरे उभी राहतात. सर्वांत उंच शिखर साडेबारा हजार फुटांहून अधिक आहे. होपी या डोंगराला नुवातुक्याओवी म्हणतात. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे कात्सिना, म्हणजे पाऊस आणणारी, पूर्वजांशी नाते सांगणारी दैवी रूपे, वर्षाचा अर्धा भाग या डोंगरावर राहतात, हिवाळ्यात गावांत येतात आणि जुलैतल्या निमान या सोहळ्यानंतर परत जातात. होपींच्या गावांतून पाहिले की पावसाळी ढग याच शिखरांभोवती जमताना दिसतात, त्यामुळे ही श्रद्धा तिथल्या माणसाच्या रोजच्या नजरेशी जोडलेली आहे.

या डोंगराच्या उतारावर बर्फावर घसरण्याच्या खेळाचे केंद्र आहे आणि २०१२पासून तिथे फ्लॅगस्टाफ शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यापासून कृत्रिम बर्फ केला जातो. होपी, नवाहो आणि इतर जमाती याविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. २००८मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. ज्या डोंगराकडे पावसासाठी हात जोडायचे त्याच डोंगरावर सांडपाणी फवारले जाणे हे काय दुःख असेल, हे आप्पांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दुपारी १९२८मध्ये स्थापन झालेले नॉर्दर्न ॲरिझोना संग्रहालय पाहिले. तिथली होपी मातीची भांडी आणि विणकाम सुंदर आहे, पण आम्हाला पुढच्या गावांची ओढ होती. रात्री मी गावांतले नियम आप्पांना पुन्हा सांगितले. छायाचित्र काढायचे नाही, चित्र रेखाटायचे नाही, आवाज ध्वनिमुद्रित करायचा नाही. कॅमेरा फिनिक्सलाच ठेवला होता. फोन गाडीच्या कप्प्यात ठेवायचे ठरले.

दिवस दुसरा : तिसरा मेसा

लूप या गावावरून जाणारा रस्ता नवाहो राष्ट्रातून, म्हणजे नवाहो जमातीच्या स्वायत्त प्रदेशातून, होपी भूमीकडे जातो. होपींचा प्रदेश चारही बाजूंनी नवाहो भूमीने वेढलेला आहे. १८८२मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी एका आदेशाने नकाशावर चौकोन आखला आणि त्याला राखीव प्रदेश ठरवले. होपींची पवित्र स्थाने, झरे आणि जुनी शेते यांचा त्या चौकोनाशी मेळ नव्हता. पुढची शंभर वर्षे सीमेवरून दोन्ही जमातींत वाद होत राहिले आणि १९७४च्या कायद्याने जमीन वाटून दिली, तेव्हा दोन्हीकडच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली.

या प्रवासात घड्याळाचाही एक अनुभव येतो. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो राष्ट्र करते आणि होपी करत नाहीत. त्यामुळे दीड-दोन तासांच्या रस्त्यात वेळ एकदा पुढे जाते आणि पुन्हा मागे येते. होपी भाषेत काळाची कल्पनाच नाही, असे बेंजामिन व्होर्फ या भाषाशास्त्रज्ञाने मांडले होते आणि ते विधान जगभर पसरले. एकेहार्ट मालोटकी यांनी १९८३मध्ये शेकडो उदाहरणे देऊन ते खोडून काढले. पेरणीचे, सोहळ्यांचे आणि सूर्य क्षितिजावर कुठे उगवतो याचे इतके काटेकोर गणित ठेवणाऱ्या लोकांबद्दल असे विधान इतकी वर्षे टिकावे, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

होपींची बारा गावे आहेत. ब्लॅक मेसा या प्रचंड पठाराची दक्षिणेकडे आलेली तीन बोटे म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा मेसा. मेसा म्हणजे चहूबाजूंनी कडे तुटलेला, सपाट माथ्याचा डोंगर. बहुतेक गावे या माथ्यांवर किंवा त्यांच्या पायथ्याशी आहेत आणि पश्चिमेला दूर मोएनकोपीची दोन गावे आहेत. जमातीचे सरकार किकोट्समोवी या पायथ्याच्या गावात आहे. १९३६च्या राज्यघटनेने एक निर्वाचित मंडळ निर्माण केले, पण प्रत्येक गाव आपापल्या कारभारात आजही स्वायत्त आहे आणि काही गावांनी त्या मंडळाला कधीच पूर्णपणे आपले मानले नाही.

तिसऱ्या मेसावरचे ओराईबी हे अमेरिकेत अखंड वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांपैकी एक आहे. बाराव्या शतकापासून इथे चूल विझलेली नाही. गावातल्याच एका बाई आम्हाला वाट दाखवायला आल्या. घरे दगडाची, मातीने लिंपलेली. काहींना सिमेंटचे ठोकळे लावलेले, काहींच्या भिंती ढासळलेल्या. मधूनमधून जमिनीतून लांब शिडीची दोन टोके आकाशाकडे वर आलेली दिसतात. ती किवांची, म्हणजे जमिनीखालच्या सोहळ्यांच्या दालनांची. बाई त्यांच्याजवळून जाताना आवाज खाली आणत आणि आम्हीही तसेच करत होतो.

गावाबाहेर कड्यालगत एका चर्चचे दगडी अवशेष उभे आहेत. हाइन्रिख व्होथ या मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मप्रसारकाने ते १९०१मध्ये बांधून घेतले. सोहळ्यांत बळे शिरून त्याने छायाचित्रे काढली, टिपणे केली, वस्तू जमवल्या आणि त्या दूरच्या संग्रहालयांकडे गेल्या. आज गावोगावी दिसणारी छायाचित्रबंदीची पाटी समजून घ्यायची असेल, तर हे अवशेष आधी पाहावेत. १९४२मध्ये वीज पडून चर्च जळाले आणि गावाने ते पुन्हा उभारले नाही.

ओराईबीची फाळणी ही होपी इतिहासातली सर्वांत खोल जखम आहे. १८८७मध्ये कीम्स कॅनियन इथे निवासी शाळा निघाली. तिथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. मुले पाठवण्यास नकार देणाऱ्या ओराईबीच्या एकोणीस पुरुषांना १८९५च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातल्या अल्कट्राझ बेटावर कैदेत टाकण्यात आले आणि ते ऑगस्टमध्ये सुटले. बाईंनी ही हकीकत सांगताना कोणाचेही नाव घेतले नाही, पण 'आमच्या घरातले एक' एवढे म्हणाल्या. शाळा, जमिनीचे तुकडे पाडण्याची सरकारी योजना, झऱ्याचे पाणी आणि सोहळ्यांचे अधिकार या सगळ्यांवरून गाव दुभंगत गेले. ८ सप्टेंबर १९०६ रोजी जमिनीवर रेघ ओढली गेली. सरकारशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या तवाक्वाप्तेवा यांची माणसे एका बाजूला आणि विरोध करणाऱ्या युकिओमा यांची दुसऱ्या बाजूला उभी राहिली. शस्त्राऐवजी रेटारेटीने निर्णय करायचा असे ठरले होते. युकिओमा रेघेपलीकडे ढकलले गेले आणि गावातली निम्मी माणसे त्याच रात्री अंथरुणे-भांडी घेऊन बाहेर पडली. त्या ठिकाणच्या खडकावर तो दिनांक कोरलेला आहे.

जिंकलेल्यांचेही भले झाले नाही. तवाक्वाप्तेवा यांना त्याच वर्षी इंग्रजी शिकण्यासाठी कॅलिफोर्नियातल्या शर्मन शाळेत धाडण्यात आले. बाहेर पडलेल्यांनी काही मैलांवर होटेव्हिला वसवले आणि लवकरच त्यांच्यातल्या अनेक पुरुषांना अटक झाली. गावाचा पहिला हिवाळा मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे यांनी काढला. काही कुटुंबांनी पुढे वेगळे होऊन बाकावी हे गाव उभारले.

संध्याकाळी आम्ही होटेव्हिलाहून गेलो. १९६०च्या दशकात तिथल्या परंपरावादी लोकांनी विजेचे खांब रोवू दिले नाहीत, कारण तारा आल्या की जमिनीवर कंपनीचा हक्क येईल आणि देयक थकले की घर अडकेल, अशी त्यांची धारणा होती. मात्र १९८०च्या दशकात होपी फाउंडेशन या स्थानिक संस्थेने छपरांवर सौरपट्ट्या बसवण्याचे काम सुरू केले, तेव्हा अनेकांनी त्या घेतल्या. वीज कोणाच्या हातात राहते, हा त्यांच्यासाठी मूळ प्रश्न होता. दिवसभर ऐकलेल्या हकीकतींमागेही मला हाच प्रश्न दिसत होता.

दिवस तिसरा : दुसरा मेसा आणि एक शेत

दुसऱ्या मेसावर होपी सांस्कृतिक केंद्राच्या उपाहारगृहात सकाळी निळ्या मक्याची धिरडी खाल्ली. तिथेच न्योक्विवी मिळते, म्हणजे सोललेला मका आणि मेंढीचे मांस घातलेला रस्सा. आप्पा माळकरी असल्याने त्यांनी नुसता मका चाखला.

त्यानंतर ओळखीतून एका घरी जायला मिळाले. घरच्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्या दिवशी त्या नातीच्या सासरी द्यायच्या परतभेटीसाठी पिकी, म्हणजे निळ्या मक्याची कागदासारखी पातळ भाकरी, करत होत्या आणि आम्ही बाजूला बसून पाहू शकतो असे म्हणाल्या. घरामागच्या पडवीवजा खोलीत जमिनीलगत एक काळी, आरशासारखी गुळगुळीत शिळा होती. तिला तुमा म्हणतात आणि ती आईकडून मुलीकडे येते. खाली सेडारची लाकडे पेटलेली. निळ्या मक्याचे बारीक पीठ, गरम पाणी आणि एका झुडपाच्या फांद्यांची राख यांचे पातळ, राखाडी-निळे मिश्रण वाडग्यात होते. राखेमुळे निळा रंग टिकतो आणि चवही येते. आपल्याकडे पापडखार जे काम करतो त्याच जातीचे हे काम आहे. बाईंनी शिळेवर तेलकट फडके फिरवले, हात मिश्रणात बुडवला आणि तापलेल्या दगडावरून तळहाताने एका दमात उजवीकडून डावीकडे आडवे फटकारे ओढले. बोटे दगडाला लागत होती की नाही हे कळत नव्हते. चार-पाच क्षणांत कडा आपोआप सुटल्या आणि कागदाहून पातळ पापुद्रा वर आला. तो बाजूला ठेवून त्यांनी नवा पापुद्रा सारवला आणि आधीचा त्यावर क्षणभर पसरला. खालच्या वाफेने तो मऊ पडला, तेवढ्यात दोन्ही कडा आत मुडपून त्यांनी त्याची गुंडाळी केली. मी मांडे करणाऱ्या बायका पाहिल्या आहेत. त्यांच्या हातांत जी घाई आणि जी शांती एकाच वेळी असते, ती इथेही होती.

पूर्वी हे पीठ दगडी मात्यावर गुडघे टेकून वाटत. माता म्हणजे हुबेहूब आपला पाटा, आणि वर चालवायचा दगड म्हणजे वरवंटा. आता रोजचे दळण यंत्रावर होते, पण लग्नातली नवरी आजही नवऱ्याच्या आईच्या घरी जाऊन मका दळते आणि त्याच्या घरचे पुरुष तिच्यासाठी पांढरी वस्त्रे विणतात. होपींमध्ये विणकाम पुरुषांचे आहे. त्या वस्त्रांपैकी एक तिच्या अखेरच्या प्रवासासाठी जपून ठेवायचे असते. नवरीकडची माणसे पिकी, पीठ आणि विणलेली तबके देऊन हे ऋण फेडतात आणि या फेडीला कधीकधी काही वर्षे लागतात. पैसे जमवावे लागतात, सुट्ट्या जुळवाव्या लागतात, फिनिक्सहून मुले यावी लागतात. बाई म्हणाल्या, की नातीचे न्यायालयातले लग्न होऊन तीन वर्षे झाली, पण घराच्या दृष्टीने ते आत्ता पुरे होत आहे.

होपींचे कूळ आईकडून चालते. घर बाईचे, शेत तिच्या कुळाचे, आणि नवरा त्या शेतात राबून पीक तिच्या घरी आणतो. मुलांना शिस्त लावण्याचे आणि सोहळ्यांचे शिक्षण देण्याचे काम मामाकडे असते. नाव ठेवण्याचा मान मात्र वडिलांकडच्या स्त्रियांचा. वीस दिवस बाळ घरात अंधारात ठेवतात, त्याच्या शेजारी पूर्ण भरलेले मक्याचे निर्दोष कणीस ठेवतात आणि विसाव्या दिवशी पहाटे यक्का या वाळवंटी झुडपाच्या मुळांच्या फेसाने त्याचे डोके धुऊन आजी आणि आत्या एकेक नाव सुचवतात. मग बाळाला उगवत्या सूर्यासमोर नेतात. आमच्याकडेही नाव आत्याच ठेवते, असे मी सांगितले, तेव्हा बाईंनी हातातले काम थांबवून मला नीट विचारले, की कितव्या दिवशी. बाराव्या दिवशी, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, की तुमची आत्या घाई करते.

आभार मानताना होपी भाषेत स्त्री 'अस्क्वली' म्हणते आणि पुरुष 'क्वाक्वा' म्हणतो. 'जातो' आणि 'जाते' यांत वाढलेल्या आम्हाला ते चटकन जमले. ही भाषा आता मुख्यतः वडीलधाऱ्यांच्या तोंडी उरली आहे. मुलांना समजते, पण ती उत्तर इंग्रजीत देतात. १९९८मध्ये सुमारे तीस हजार नोंदींचा होपी शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि त्याच्या संपादनात एमरी सेकाक्वाप्तेवा या होपी अभ्यासकाचा मोठा वाटा होता. २०००पासून कुयी हे आकाशवाणी केंद्रही चालते. कुयी म्हणजे पाणी. बाईंच्या स्वयंपाकघरात ते दिवसभर लागलेले होते.

दुपारी बाईंचे यजमान आम्हाला शेतावर घेऊन गेले. कुंपण नाही, बांध नाही, पाट नाही. वाळूच्या उघड्या पसरटीवर पाच-सहा पावलांच्या अंतराने मक्याचे एकेक ठोंब, कमरेएवढे, झुडपासारखे. आप्पा खाली बसले, वरची कोरडी वाळू हाताने बाजूला केली, वीतभर खाली गेल्यावर माती मुठीत दाबली, उघडली आणि लाडू मोडतो का ते पाहिले. यजमानांनी न बोलता हे सगळे पाहिले आणि मग स्वतःही खाली बसले. त्यानंतरचा तासभर मी केवळ दुभाषी होते.

इथे वर्षाला आठ-दहा इंच पाऊस पडतो. आमच्या दुष्काळी तालुक्यातही याहून बराच अधिक पडतो. हिवाळ्यातला बर्फ विरघळून पाणी खालच्या चिकणमातीत मुरते आणि वरची वाळू ते उडून जाऊ देत नाही. म्हणून मका ओलीपर्यंत खोल पेरावा लागतो. सोया नावाच्या टोकदार काठीने खड्डा करतात आणि एका खड्ड्यात दहा-बारा दाणे टाकतात. काही किडीला, काही कावळ्यांना, काही उंदरांना जातात, हे धरूनच. यजमानांनी खोली दाखवायला स्वतःचा हात कोपरापर्यंत वाळूत घातला. साधे बियाणे इतक्या खालून उजेडापर्यंत पोचत नाही, वाटेतच संपते. होपी मक्याचा कोंब मात्र फूटभर आणि त्याहून अधिक वर चढतो. शेकडो पिढ्यांच्या निवडीने हे बियाणे घडले आहे. आप्पांनी पाभरीने किती खोल जाता येते, हस्ताचा पाऊस चुकला तर काय होते, हे सांगितले. दोघांनाही पाऊस न येण्याबद्दल बोलताना सारखाच कमी शब्दांचा प्रयोग करायची सवय होती.

होपींच्या उगमकथेत, या जगात आल्यावर लोकांसमोर निरनिराळी कणसे ठेवली गेली. इतरांनी मोठी उचलली आणि होपींच्या वाट्याला आखूड निळे कणीस आले, म्हणजे कष्टाचे पण दीर्घ आयुष्य. या भूमीचा स्वामी मासाव याने त्यांना पेरणीची काठी, बी आणि पाण्याचा भोपळा दिला. यजमान ट्रॅक्टरने जमीन साफ करतात, पण पेरणी काठीनेच करतात. कारण विचारल्यावर ते म्हणाले, की ट्रॅक्टरला ओल कळत नाही.

आप्पांनी मूठभर बी मागितले. ते न देता यजमान म्हणाले, की बी घरातल्या बाईचे आहे, तिला विचारायला हवे.

परतताना एका चांदीच्या दुकानात थांबलो. दोन पत्रे एकावर एक जोडून वरच्यात नक्षी कापायची आणि खालचा काळा ठेवायचा, ही होपी चांदीची खूण दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेड कबोटी आणि पॉल सॉफकी यांनी परतलेल्या सैनिकांना शिकवून रुजवली. आज ती परंपरा मानली जाते आणि ते योग्यच आहे. कात्सिनांच्या कोरलेल्या बाहुल्याही कारागीर विकतात. मात्र सोहळ्यात धारण करायची मुखरूपे, ज्यांना ते 'मित्र' म्हणतात, त्यांना वस्तू म्हणणेसुद्धा त्यांना दुखावते. एप्रिल २०१३मध्ये पॅरिसमध्ये अशा सत्तरच्या आसपास मित्रांचा लिलाव झाला आणि न्यायालयाने तो थांबवला नाही. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लिलावात ॲनेनबर्ग फाउंडेशन या अमेरिकी संस्थेने गुपचूप बोली लावून चोवीस घेतले, केवळ परत करण्यासाठी. त्यांतले एकवीस होपींचे होते. दुकानदार एवढेच म्हणाला, की ते घरी आले.

दिवस चौथा : पहिला मेसा

वाल्पी हे गाव कड्याच्या अगदी टोकावर आहे. तिथे जाताना मेसा इतका अरुंद होतो की दोन्ही बाजूंची खोल दरी एकाच वेळी दिसते. गावात वीज नाही, नळ नाही. ती येऊ न देण्याचा निर्णय गावाचा आहे. बहुतेक कुटुंबांची दुसरी घरे पायथ्याशी पोलाक्कामध्ये आहेत, पण सोहळ्यांच्या वेळी सगळी वर येतात.

स्पॅनिश लोक इथे १५४०मध्ये प्रथम आले आणि १६२९पासून मिशन सुरू झाली. चर्चच्या तुळया होपींकडून दूरच्या डोंगरांतून वाहून आणवल्या गेल्या. १६८०मध्ये रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या पुएब्लो या मूळनिवासी लोकांबरोबर होपींनीही उठाव केला, पाद्री मारले गेले आणि चर्च पाडली गेली. स्पॅनिश लोक परत येतील या भीतीने वाल्पी खालच्या उतारावरून माथ्यावर आले. पण पीचची झाडे त्यांनी ठेवली, मेंढ्या ठेवल्या, लोकर ठेवली. काल खाल्लेला रस्सा त्या निवडीतूनच आलेला आहे.

वाल्पीला लागूनच सिचोमोवी आणि त्यापुढे हानो. कुठे एक गाव संपते आणि दुसरे सुरू होते हे आम्हाला कळले नाही, पण वाटाड्या बाईंनी पायाने रेघ दाखवली. हानोचे लोक तेवा आहेत. त्या उठावानंतरच्या धामधुमीत ते रिओ ग्रांदेकडून आले आणि होपींचे रखवालदार म्हणून राहिले. तीनशे वर्षे झाली, लग्ने जुळली, सगळ्यांना होपी येते, तरी घरात तेवा बोलली जाते आणि तिच्यात होपी शब्द अगदी मोजके आहेत. उलट शेजारच्या होपींना तेवा येत नाही.

हानोचीच नाम्पेयो ही कुंभारीण. तिचा जन्म १८६०च्या सुमाराचा. जवळच्या सिक्यात्की या उजाड गावाच्या जुन्या खापऱ्यांवरची नक्षी तिने हाताने अभ्यासली आणि त्या पिवळसर मातीत, पसरट खांद्यांच्या घटांत ती पुन्हा जिवंत केली. १८९५मध्ये पुरातत्त्वज्ञ जेसी फ्यूक्स तिथे उत्खनन करत होता, पण तिचा शोध त्याच्याही आधी सुरू झाला होता, असे तिच्या घरातली माणसे सांगत आली आहेत. १९०५मध्ये ग्रँड कॅनियनला उघडलेल्या होपी हाऊसमध्ये ती प्रवाशांसमोर घट घडवत असे. म्हातारपणी दृष्टी अधू झाली, तेव्हा आकार ती देई आणि नक्षी मुली काढत. १९४२मध्ये ती गेली. तिची पणतवंडे आजही चावून मऊ केलेल्या यक्काच्या पानाच्या कुंचल्याने रंगवतात. एका अंगणात भट्टी लागलेली होती. घट उपडे ठेवून भोवती मेंढीच्या शेणाच्या गोवऱ्या रचलेल्या. आप्पांनी वासावरूनच ओळखले. मेंढ्या येण्यापूर्वी, तेराव्या-चौदाव्या शतकापासून, होपी कुंभार चक्क दगडी कोळशावर भांडी भाजत. कड्यांच्या कडेने दिसणारा कोळसा ते खणून आणत. स्पॅनिश काळात ते थांबले आणि गोवऱ्या आल्या.

वाल्पीच्या चौकात वाटाड्या बाईंनी आम्हाला एका जागेबद्दल थोडे सांगितले आणि मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहून म्हणाल्या, की हे लिहू नका. मी वही मिटली. होपींमध्येही प्रत्येक ज्ञान प्रत्येकाचे नसते. ते कुळाचे असते, मंडळाचे असते, दीक्षा झालेल्याचे असते, आणि एका कुळाचा माणूस दुसऱ्याच्या गोष्टी विचारत नाही. अनेक गावांनी कात्सिनांचे नृत्य बाहेरच्यांसाठी बंद केले आहे. आम्ही आलो त्याच दिवशी एका गावात काही होते. रस्त्यावर आडवी लावलेली गाडी पाहून आम्ही गाडी वळवली.

दिवस पाचवा : धावणारी मुले, मोएनकोपी आणि परत

उजाडायच्या आत रस्त्याच्या कडेने मुलामुलींची रांग धावताना दिसली. मागून एक पिकअप हळूहळू येत होती. होपी हायस्कूलच्या मुलांच्या संघाने १९९०पासून २०१६पर्यंत सलग सत्तावीस वर्षे राज्याचे क्रॉस-कंट्री विजेतेपद जिंकले. धावणे हे इथे पावसाला हाक देणे आहे. धावणारा ढगांना गावाकडे आणतो. दुसऱ्या मेसावरच्या शुंगोपावी गावचा लुई तेवानिमा याची कहाणी मी आप्पांना गाडीत सांगितली. फाळणीनंतर पकडलेल्या विरोधकांपैकी तो एक. १९०७मध्ये त्याला पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल शाळेत धाडले आणि १९१२मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. त्या शर्यतीत अमेरिकेला पुढचे पदक मिळायला १९६४ साल उजाडावे लागले. तेवानिमा मात्र गावी परतला, मेंढ्या राखल्या, मका पेरला, सोहळे पाळले. त्याच्या नावाने दरवर्षी तिथे शर्यत होते.

निघण्याआधी आम्ही पिकी करणाऱ्या बाईंच्या घरी थांबलो. आप्पांच्या मागणीचे त्यांना कळले होते. त्यांनी बी दिले नाही. बी लेकीच्या आणि बहिणीच्या घरी जाते, त्या म्हणाल्या, आणि पाटाच्या पाण्यावर दोन-चार वर्षे वाढले की ते खोलातून वर यायचे विसरते. आप्पांनी मान डोलावली आणि आमच्या आईनेही कणगीतले बी कधी कोणाला सहज दिले नाही, असे सांगितले. बाईंनी मग एक कागदी पिशवी त्यांच्या हातात ठेवली. तापलेल्या वाळूत फुटाण्यासारखे भाजून, कणसाच्या बुरकुंड्याने मिठाचे पाणी शिंपडलेले मक्याचे दाणे. त्याला कुतुकी म्हणतात.

मोएनकोपीत पहिल्यांदा पाटाचे पाणी दिसले. झऱ्यांच्या पाण्यावरची छोटी हिरवी वावरे, भोपळे, मिरच्या. ओराईबीचे लोक पूर्वी इथे पळत येऊन शेती करत आणि पळत परत जात. रस्त्यापलीकडचे ट्यूबा सिटी हे नवाहो गाव, पण त्याचे नाव तुवी या होपी प्रमुखावरून पडले आहे. रस्ता ओलांडला की घड्याळ पुन्हा तासभर पुढे.

या झऱ्यांचीच काळजी इथल्या माणसांच्या बोलण्यात सारखी येते. १९६६मध्ये होपी मंडळाने ब्लॅक मेसावरचा कोळसा पीबॉडी कंपनीला भाड्याने दिला. मंडळाचे वकील जॉन बॉयडन त्याच काळात त्या कंपनीसाठीही काम करत होते, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. कोळशाची भुकटी भूजलात कालवून २७३ मैल लांबीच्या नळाने नेवाडातल्या वीजकेंद्राकडे ढकलली जाई. पिण्याजोगे लक्षावधी गॅलन पाणी रोज कोळसा वाहायला गेले आणि झरे आटू लागल्याची तक्रार गावे वर्षानुवर्षे करत राहिली. ते केंद्र २००५च्या अखेरीस थांबले आणि दुसऱ्या खाणीवर चालणारे केंद्र २०१९मध्ये बंद झाले. पाणी वाचले, पण होपी सरकारच्या उत्पन्नाचा बहुतांश भागही गेला. नोकऱ्या नाहीत, म्हणून तरुण माणसे फिनिक्स आणि फ्लॅगस्टाफला जातात आणि पेरणीला, सोहळ्याला परत येतात. शुक्रवारी संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांत अशी माणसे असणार, हे मला इतकी वर्षे फिनिक्समध्ये राहून माहीत नव्हते.

कॅमेरॉनच्या पुलापर्यंत कुयी केंद्र ऐकू येत होते. निवेदिका होपीतून बोलत होती आणि मधूनच 'बास्केटबॉल' आणि 'पिकअप' हे शब्द कळत होते. आप्पा कुतुकी एकेक करून खात होते. फ्लॅगस्टाफ यायच्या आधी पिशवी संपली, तेव्हा त्यांनी ती तळहातावर उपडी केली. मिठाचे दोन-चार खडे आणि चिमूटभर बारीक, भाजून काळपट झालेली वाळू पडली. लहानपणी मंगळवेढ्याच्या बाजारात फुटाण्यांच्या पुडीच्या तळाशी हीच असायची, म्हणाले, आणि खिडकीची काच खाली न करता त्यांनी पिशवीची घडी घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली.